डोक्यावर नाक असलेली मासोळी

संपूर्ण वर्धा जिल्ह्यात कधीही खोटे न बोललेला मनुष्य माझ्या माहितीत एकच आहे, आणि जिल्ह्यातला सर्वांत मोठा थापाड्या म्हणून काही काळ ज्याचे नाव घेतले जात होते, तोही तोच. ते माझे व्याही. माझी थोरली कन्या आर्वीला त्यांच्या घरी दिलेली असल्यामुळे मी या प्रकरणी पक्षपाती साक्षीदार ठरतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु माझ्यासारख्या ज्या गृहस्थाने उभी हयात वर्ध्याच्या कोर्टात वकिली करताना सख्ख्या मेहुण्याची उलटतपासणी घेऊन त्याला घाम फोडला, त्याला नात्याची भीड पडेल असे कोणी समजू नये. ज्यांना तसे वाटत असेल त्यांनी मला लेखी कळवावे. मी लेखी उत्तर देईन.

व्याहींच्या सत्यवचनाचा पहिला प्रत्यय मला सोयरीक जमविण्याच्या बैठकीतच आला. मुलगा कसा आहे, या प्रश्नाला वरपिते साधारणतः काय उत्तर देतात हे सर्वांना ठाऊक आहे. या गृहस्थांनी सुपारी कातरता कातरता सांगितले, "पोरगा चांगला हाये जी, पन आळशी हाये. अन् झोपेत घोरते. पोरीले आधी सांगून द्या, मंग आमच्यावर बोल नको." त्यांच्याच बाजूच्या मंडळींनी त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी सुपारी नव्हे, सोयरीकच कातरली. मी त्याच क्षणी मुलगी द्यायचे ठरविले. स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाणारी गोष्ट आपण होऊन कबूल करणारा साक्षीदार मला कोर्टात कधी भेटला नव्हता. तो घरी भेटत होता, तर सोडतो कोण? जावई घोरतो, हे पुढे सिद्धही झाले.

या गुणामुळे आर्वीच्या आसपासच्या गावांत त्यांना एक विलक्षण अधिकार प्राप्त झाला होता. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावरून दोन शेतकऱ्यांत तंटा झाला, की कोर्टाची पायरी चढण्याआधी सर्वांना मान्य असलेला एक मनुष्य बोलावला जाई. तो त्याच शेतातले मातीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन अनवाणी चालू लागे. तो जिथून चालेल तो धुरा, आणि त्यावर पुन्हा वाद नाही. या पद्धतीला कायद्यात काडीचाही आधार नाही आणि तसे मी तहसील कचेरीला वेळोवेळी कळविले आहे. परंतु व्याही डोक्यावर ढेकूळ घेऊन, ओठ मिटून, एका लयीत कपाशीच्या शेतातून चालत निघाले, की दोन्ही पक्ष काठ्या खाली ठेवून मुकाट्याने मागे चालत, हे मी स्वतः पाहिले आहे आणि पाहून मला संतापच आला आहे. जे काम करायला मला दावा, कैफियत, पुरावा आणि तारखांमागून तारखा लागत, ते हा मनुष्य एका ढेकळावर करीत असे.

असा हा मनुष्य एका वर्षी पुतण्याकडे कोकणात गेला आणि बिघडून आला. पुतण्या तिकडच्या एका लहानशा बंदरात कस्टममध्ये कारकून होता. व्याही आर्वीहून छोट्या गाडीने पुलगावला, पुलगावहून मोठ्या गाडीने मुंबईला आणि तिथून आगबोटीने त्याच्याकडे गेले. या प्रवासात त्यांनी जे पाहिले ते त्यांनी परत आल्यावर आमच्या घरी, आमच्या ताटावर, पहिला घास घेण्यापूर्वी सांगितले. "इवाईबुवा," ते म्हणाले, "म्या एक मासोळी पाह्यली. ते श्वास घेते. अन् तिचं नाक डोक्यावर हाये."

माझ्या सौभाग्यवतींनी वाढता वाढता हात मागे घेतला. मी म्हणालो, "स्वतः पाहिले?"

"माह्या डोयानं."

"दिवसा?"

"लख्ख उजेडात. आगबोटीसंगं पयत होती जी, गायीच्या मागं वासरू पयते तशी. वर ये, डोक्यावरच्या भोकातून फुस्सकन श्वास सोडे, अन् बुडे. डालफिन म्हनते म्हने तिले. तिथले कोळी गादा म्हनते."

"ती पिल्लांना दूध पाजते असेही म्हणतात," मी कुठेतरी वाचलेले आठवून म्हणालो.

"ते मले पुतन्यानं सांगितलं. म्या नाई पाह्यलं. दुधाचं ऐकीव धरा, श्वासाचं पक्कं धरा."

हा फरक त्यांनी आपण होऊन केला, हे लक्षात घ्यावे. माझ्या पक्षकारांना तो समजावून सांगण्यात माझे आयुष्य गेले. तरीही माझी स्थिती मोठी चमत्कारिक झाली. साक्षीदार निष्कलंक होता आणि साक्ष अशक्य होती. मासा म्हणजे कल्ले, हे मी मराठी चौथीत शिकलो होतो. श्वास घेतो तो मासा नव्हे, आणि मासा नव्हे तर तो समुद्रात काय करतो? आणि पुन्हा, श्वास घ्यायला ज्याला दरवेळी पाण्याबाहेर यावे लागते, त्याने पाण्यात राहावेच कशाला? माझ्या डोक्यात इतका गोंधळ उडाला की मी मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र लिहिले: 'सदर जलचर मासा आहे की जनावर, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.' त्यांचे उत्तर आले की आपले पत्र संबंधित शाखेकडे पाठविले आहे. मी संबंधित शाखेला लिहिले. तिने कळविले की विषय मत्स्य खात्याचा आहे. मत्स्य खाते म्हणाले, प्राणी मासा नसल्यास विषय आमचा नाही. तेव्हा तो मासा आहे की नाही हेच तर विचारतो आहे, असे मी लाल शाईने लिहिले. त्यानंतर उत्तर नाही.

व्याहींना मात्र कसलाही गोंधळ नव्हता. त्यांना त्या प्राण्याच्या शरीराच्या घडणीचे असे वेड लागले की समोर येईल त्या वस्तूवर ते ती समजावून सांगू लागले. ते नित्यनेमाने सूत कातणारे. चरख्याच्या चातीवर भरलेली सुताची कोकडी पुढे धरून ते म्हणत, "हे पाहा, मधात जाड अन् दोन्ही आंगानं निमुळती. अशीच ते हाये. पानी तिले आडवतच नाई, आंगावरून निसटून जाते. खवले नाई, केस नाई, वांग्यावानी गुळगुळीत." मग हाताचा पंजा आडवा धरून तो वर-खाली हलवीत: "बाकी मासोळ्याईचं शेपूट उभं राह्यते अन् डावी-उजवी हालते. हिचं आडवं! वर-खाली! पाठीवर एक पंख, लवंडू नये म्हनून. बाजूले दोन, वळासाठी. मान म्हनून दिसतच नाई, डोक्याले लागून धड. कोनं घडवली असन जी अशी?" आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी हे सर्व केळ्यावर करून दाखविले. भटजींनी पोथी मिटून ऐकले आणि नंतर त्यांना कथा कोणत्या अध्यायापर्यंत झाली होती हेच आठवेना.

पुलगावच्या फलाटावरचा प्रसंग याहून गंभीर. जवळच लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो असल्याने तिथे बोलताना मनुष्याने काही भान ठेवावे. व्याही बाकावर बसून एका अनोळखी प्रवाशाला सांगत होते, "काळीभोर, लांबट, तोंडाले निमुळती. पान्याखालून सरळ येते, आवाज नाई, काई नाई, अन् एकदम फुस्स!" बाजूला उभ्या असलेल्या एका साध्या वेषातल्या गृहस्थांनी त्यांना अत्यंत सभ्यपणे एका खोलीत नेले आणि हे शस्त्र आपण कोठे पाहिले, असे विचारले. व्याहींनी त्यांनाही कोकडी काढून दाखविली. मला तार आली, मी धावत गेलो, आणि 'कोणत्याही नागरिकास माशाचे वर्णन करण्याचा अधिकार आहे' या विषयावर जागच्या जागी अर्ज लिहून दिला. ते गृहस्थ तो वाचून अधिकच गोंधळले. व्याही मात्र जाता जाता त्यांना म्हणाले, "साहेब, तुमचंबी बराबर हाये. जे दिसत नाई त्याचा संशय येतेच."

आणि विहीर! शेपूट वर-खाली हलवून मनुष्याला पोहता येईल का, हे पाहण्यासाठी या गृहस्थांनी उतारवयात स्वतःचे दोन्ही पाय उपरण्याने घट्ट बांधून मळ्यातल्या विहिरीत उडी घेतली. मोटेवरच्या गड्याने बोंब ठोकली, अर्धे गाव धावले, दोर सोडले, आणि त्यांना ओढून वर काढले. ते संतापले होते. "अरे, जमून राह्यलं होतं ना बाप्पा! काऊन काढलं मले?" पोलीस पाटलाने आत्महत्येच्या प्रयत्नाचा रिपोर्ट लिहायला घेतला, तेव्हा मी त्याला पत्राने बजावले की स्वतःचे पाय स्वतः बांधणे हा गुन्हा नाही आणि आत्महत्येला निघालेला मनुष्य धोतर वाळत घालून जात नाही.

इथवर सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. परंतु त्या दिवाळीला माझी कन्या माहेरी आली आणि भाऊबीजेच्या ताटाशी बसून सासऱ्यांविषयी हळूच म्हणाली, "बाबा, मामाजींना आता धुऱ्यावर कोणी बोलवत नाही." मी कारण विचारले. एका तंट्यात व्याही ढेकूळ उचलायला वाकले असता एक पक्षकार सर्वांदेखत म्हणाला होता, "ज्याच्या मासोळीचं नाक टायक्यावर, त्याच्या धुऱ्याचा काय भरोसा?" लोक हसले. शाळेतले विज्ञानाचे गुरुजी तिथेच होते. त्यांनी निर्वाळा दिला की मासे कल्ल्यांनीच श्वास घेतात, पुस्तकात तसे आहे. व्याहींनी ढेकूळ परत जमिनीवर ठेवले, ते फुटू नये म्हणून अगदी सावकाश, आणि घरी आले. तेव्हापासून ते फक्त सूत कातीत बसतात आणि मासोळीचे नाव काढीत नाहीत, असे कन्या म्हणाली. तो पक्षकार, ते गुरुजी आणि ते हसणारे लोक यांना मी त्याच दिवशी तीन स्वतंत्र पत्रे लिहायला घेतली. पण मजकुराशी येऊन अडलो. मी काय लिहिणार? मासोळी श्वास घेते, असे? मी तरी कोठे पाहिली होती?

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. या फेरफाराविषयी माझी मते मी वर्तमानपत्रांना कळविली होती आणि ती छापली गेली नव्हती. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवाद झाली: कायद्याने आता समुद्र आमच्या राज्यात आला होता. मी आर्वीला गेलो आणि व्याहींना म्हणालो, "आपल्याच हद्दीतला पुरावा आहे. प्रत्यक्ष पाहणी करू. मी साक्ष देईन."

त्यांनी चाती थांबविली. "माह्यासाठी?" ते म्हणाले.

"न्यायासाठी," मी रागाने म्हणालो.

पुतण्याने होडी ठरवून ठेवली होती. सकाळची वेळ, पाणी शांत, खाडीच्या तोंडाशी गादे रोज येतात असे नावाडी म्हणाला. होडीत समोरासमोर दोन फळ्या होत्या. एका फळीवरून उघडा समुद्र दिसे, दुसरीवरून किनारा. तोल राहावा म्हणून एकाने इकडे, एकाने तिकडे बसावे, एवढेच नावाड्याचे म्हणणे होते. आता मी मुलीचा बाप. वरपित्याला पाठमोरे बसवून आपण चांगली जागा घ्यावी, हे आमच्या सात पिढ्यांत घडलेले नाही. मी म्हणालो, "व्याहीबुवा, आपण समुद्राकडे तोंड करून बसावे."

"काय जी! म्या तं पाह्यली हाये. तुमी पाहाले आले. तुमी बसा तिकडं."

"ते शक्य नाही."

"मंग मीबी बसत नाई."

"मान आपला आहे."

"मान माहा हाये तं म्या तुमाले दिला ना आता!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढविला. आम्ही दोघे उभे, होडी डुलते आहे, दोघांचेही हात एकमेकांच्या दंडाला. नावाडी ओरडला, "ओ पाव्हणे, कोणतरी बसा! होडी उलटली तर समुद्र दोघांचाही मान ठेवणार नाय!" तेवढ्यात होडीला हिसका बसला, व्याही समुद्र दिसणाऱ्या फळीवर आदळले, मी दुसरीवर, आणि मानपानाचा निकाल माझ्या बाजूने लागला. अशा प्रकारे, ज्या प्राण्यासाठी अर्धा हिंदुस्थान ओलांडून आलो, त्याच्याकडे पाठ करून मी ताठ बसलो.

आणि ते आले. मला हे व्याहींच्या चेहऱ्यावरून समजले. त्यांनी टोपी काढली. तोंड उघडे राहिले. दोन्ही हात आपोआप जोडले गेले आणि तसेच छातीशी राहिले. मी वळायला गेलो तर होडी कलली. "हलू नका!" नावाडी खेकसला. मी पुन्हा सरळ झालो. व्याही ओरडत होते, "पाहा! पाहा! शेपूट आडवं! आडवंच!" आणि मी पाहत होतो त्यांचे डोळे. ते वर-खाली, वर-खाली होत होते, डावी-उजवीकडे नाही. मी खांद्यावरून नजर टाकीपर्यंत पाण्यावर नुसते वलय उरलेले असे. नावाड्याने दया येऊन होडी फिरविली, तर तो कळप फेर धरून पुन्हा माझ्या पाठीशी. उजवीकडे पाहावे तर डावीकडे, डावीकडे पाहावे तर कोठेच नाही. मी कोणत्या दिशेला बसलो आहे, किनारा कोणता आणि समुद्र कोणता, हेही मला समजेनासे झाले. मी चष्मा काढून पुसला, आणि नेमके त्याच वेळी, माझ्या मानेमागे, हातभर अंतरावर, कोणीतरी श्वास सोडला.

फुऽस्स. मोठा, ओला, गरम श्वास. दिवसभर काम करून घरी आलेला मनुष्य ओसरीवर टेकताना सोडतो तसा. माझी कॉलर भिजली. मग त्याने श्वास आत घेतला, तोही मी ऐकला, आणि पाणी मिटले.

परतीच्या गाडीत बडनेऱ्याला व्याहींनी शिदोरी सोडली. मग विचारले, "दिसली ना जी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "मंग राहू द्या. माह्यासाठी खोटं नका बोलू, इवाईबुवा. माहं जे व्हाचं ते होऊन गेलं."

पुढे उन्हाळ्यात मी आर्वीला असताना दोन चुलतभावांत धुऱ्याचा तंटा पेटला. थोरल्याने व्याहींना बोलावणे धाडले. ते येईनात, मी त्यांना जवळजवळ ओढत नेले. शेतात गाव जमले होते, गुरुजीही होते. धाकटा भाऊ म्हणाला, "मासोळीवाले बुवा नाई चालत मले."

मी पुढे झालो आणि म्हणालो की मी या मासोळीबाबत साक्ष द्यायला आलो आहे.

"तुमी पाह्यली काय, वकीलसाहेब?" धाकटा म्हणाला.

"नाही."

हशा पिकला. व्याहींनी मान खाली घातली. मी तो हशा संपू दिला. "पाहिली नाही," मी म्हणालो, "मी तिला पाठमोरा बसलो होतो. परंतु पुराव्याचा कायदा असा आहे की जी गोष्ट दिसते तिची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी आणि जी ऐकू येते तिची ऐकणाऱ्याने. मी तिचा श्वास ऐकला. माझ्या मानेवर ऐकला. आधी सोडला, मग घेतला. कॉलर भिजली. नाक कोठे आहे ते मला माहीत नाही. ते व्याहींनी पाहिले आहे. ती दूध पाजते की नाही, मला माहीत नाही. ती मासा आहे की जनावर, हे सरकारलाही माहीत नाही. गुरुजी म्हणतात ते खरे आहे, मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. मग हा मासा नसेल. पण जे आहे, ते श्वास घेते. याउपर कोणाला उलटतपासणी घ्यायची असल्यास मी उभा आहे."

मग तो थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "अबे, ज्यानं चारचौघात पाह्यली नाई म्हनून सांगितलं, तो ऐकल्याचं खोटं काऊन सांगन?" धाकट्याने थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग स्वतःच वाकला, एक चांगलेसे ढेकूळ निवडले आणि ते व्याहींच्या हाती दिले. व्याहींनी चपला काढल्या, ढेकूळ डोक्यावर ठेवले आणि चालू लागले. त्यांच्यामागे दोघे भाऊ, त्यांच्यामागे गाव, आणि गावामागे, या बेकायदेशीर कृत्याचा मनोमन निषेध करीत, मी.

आता व्याही धुऱ्यावर जात नाहीत. मोतीबिंदू पिकला, मग शस्त्रक्रियेत उरलेली नजरही गेली; डॉक्टरांविषयी मी योग्य ठिकाणी लिहिले आहे, त्याने काही होणार नाही. मी सणावारी आर्वीला जातो. ते ओसरीवर कोकडी हातात घेऊन बसलेले असतात, तिच्या निमुळत्या टोकावरून बोट फिरवीत. इकडचे-तिकडचे बोलणे होते. मग ते जरा पुढे सरकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणतात, "इवाईबुवा, करा ना जी एकदा."

मी आजूबाजूला पाहतो. हा प्रकार माझ्या वयाला आणि व्यवसायाला शोभणारा नाही. आत माझी कन्या भांडी लावता लावता थांबलेली असते. मी उपरण्याने ओठ पुसतो, छातीभर हवा घेतो आणि त्यांच्या कानाशी वाकून श्वास सोडतो. फुऽस्स. मग आत घेतो. त्यांचे डोळे, ज्यांना आता मीही दिसत नाही, हळूहळू वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. मी समोर बसून ते पाहत राहतो.